उलटा डोळा

आमच्या साकतुनच्या, म्हणजे ओस पडलेल्या जुन्या माया शहराच्या, भिंतीवर पावसाच्या देवाचे, चाआकचे, बारा मुखवटे आहेत. म्हणजे डोळे चोवीस. त्यातले तेवीस सरळ आहेत आणि एक उलटा. लोक विमानानं, बसनं, उन्हात होरपळत येतात ते त्या एका उलट्या डोळ्यासाठी, आणि त्याला जबाबदार मी आहे. माझं नाव एर्मिलो उक, वय सेहेचाळीस, धंदा गाइडचा.

डोळ्याची गोष्ट मी रचली त्याला एकोणीस वर्षं झाली. बिल्ला नवा होता, पाठ केलेलं सगळं संपलं होतं, आणि घोळक्यातल्या एका म्हातारीनं विचारलं की बाकी सगळ्या डोळ्यांची पापणी वर आहे, याचीच खाली का? मला माहीत नव्हतं. पण माहीत नाही म्हणणारा गाइड म्हणजे मीठ न घातलेला घेवडा, दुसऱ्यांदा कोण मागणार? मी सांगून टाकलं की शहर ओस पडायची वेळ आली, पाऊस कायमचा गेला, तेव्हा शेवटच्या गवंड्यानं देवाचा एक डोळा मुद्दाम वर वळवून बसवला. देवानं स्वतःचं रिकामं आभाळ बघावं आणि त्याला लाज वाटावी म्हणून. म्हातारी रडायला लागली. मी मनात म्हटलं, चला, जमलं.

पुढे ती गोष्ट वाढत गेली. डोळा पोस्टकार्डांवर आला, बनियनांवर आला, हमरस्त्यावरच्या हॉटेलला त्याचं नाव मिळालं. बाकीच्या गाइडांनी ती चोरली आणि माझीच थाप मीठमसाला लावून मला ऐकायला मिळू लागली. सगळे मला 'डोळेवाला' म्हणतात. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण माझ्या त्या बिनहाडाच्या जिभेनं सिमेंटचं घर उभं केलं आणि मुलीला मेरिदाला नर्सिंगला घातलं. मला त्याचा अभिमान होता, कशाला खोटं बोलू.

घराच्या मागे गवताच्या छपराच्या खोपटात माझे वडील राहतात. गाउदेन्सिओ उक. मी त्यांना ताता म्हणतो. सिमेंटच्या छताखाली झोपणं म्हणजे तव्याखाली झोपणं, असं म्हणून त्यांनी आपला झुला खोपटातच ठेवला. तरुणपणी ते साकतुनच्या डागडुजीवर गवंडी होते. पडझडीच्या ढिगातून नाकं, कान, डोळे वेचायचे, वाळूवर मांडून जुळवायचे आणि चुन्यात बसवायचे, असं ते काम. गावातल्या निम्म्या घरांतले पुरुष तेव्हा तिथे होते आणि जे उरलेत ते अजून त्या दिवसांच्या बढाया मारतात. ताता मात्र ते काम सुटल्यापासून एकदाही साकतुनला फिरकले नाहीत. मी गाइड झालो हे सांगितलं तेव्हा "बरं" एवढंच म्हणाले.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. जुलैत पाऊस लांबला की गाव शेताच्या कडेला पावसाचं मागणं घालतं. काठ्यांचं मेज, त्यावर हिरव्या फांद्यांच्या कमानी, जमिनीत पुरून भाजलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्या. शेवटी भगत झाडाच्या सालीची मधाळ दारू तुंब्याच्या वाटीत भरून प्रत्येक पुरुषाला देतो. ती वाटी कुणी नाकारत नाही. ताता नाकारायचे. ते लांब, रामोनच्या झाडाखाली टोपी हातात धरून उभे राहायचे आणि वाटी आली की म्हणायचे, "पोट बरं नाही." दर वर्षी हेच. गावानं त्याचा विनोद करून टाकला होता, की गाउदेन्सिओचं पोट वर्षातून एकदाच बिघडतं आणि तेही चाआकच्या पंगतीला. लहानपणी मेजाखाली बसून पावसाला बोलवायला बेडकासारखं ओरडायचं काम माझ्याकडे असायचं. तिथून मला ताता दिसायचे आणि त्यांची लाज वाटायची. लाज म्हणजे एवढीच असते अशी तेव्हा माझी समजूत होती.

गेल्या वर्षीच्या वादळात भिंतीला तडा गेला आणि यंदा मार्चमध्ये राजधानीहून अरिस्मेंदीबाई आल्या. पुरातत्त्वाच्या डॉक्टर, चाळिशीच्या आतल्या, टोपी तातांच्या टोपीपेक्षा जुनी. आमची माया भाषा त्यांना येत नाही, पण येत नाही हे त्या सरळ कबूल करतात, म्हणून गावाला आवडल्या. भिंतीला परांची बांधली गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

तेव्हापासून ताता रोज संध्याकाळी मला एकच विचारू लागले, परांची कधी उतरणार? मी म्हणायचो, तुम्हाला काय करायचंय, तुम्ही काय लाकडं विकत घेणार आहात का? ते दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. शेवटी एका रविवारी दुपारी जेवणं झाली, माझी बायको नोएमी भांडी घेऊन परसात गेली, आणि ताता बोलले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी इतका वेळ बोलले असतील.

त्यांच्या काळी परांचीवर चढण्याआधी भिंतीच्या पायाशी जागेच्या धन्यांसाठी साकाची वाटी ठेवत. ते जागेचे मालक, त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या दगडाला हात लावायचा नाही. साका म्हणजे मक्याची पातळ पेज, वर मध. घरच्या रोजच्या मक्यात शिजवताना चुना पडतो, पण साकाच्या मक्यात चुन्याचा कणही चालत नाही. गवंड्यांच्या पाळ्या ठरलेल्या असत. त्या दिवशी पाळी तातांची होती, आणि आदल्या संध्याकाळपासून माझी आई अडली होती. पहाटे मी जन्मलो. घरात मका दळायला कोण होतं? ताता रात्रभर जागे, तसेच रिकामी वाटी घेऊन कामावर धावले. मुकादम मेरिदाचा, शिव्या देत उभा. माणसं ताटकळलेली. तातांनी चुन्याच्या पिंपात वाटी बुडवली. पांढरं ते पांढरं. वाटी भिंतीशी ठेवली, सगळ्यांनी टोप्या काढल्या, आणि सगळे वर चढले.

"धन्यांना मी चुना पाजला," ताता म्हणाले. "आणि दुपारी त्याच हातानं तो डोळा बसवला."

उलटा बसला हे वर कळलं नाही, कारण दगड नाकाला लागेल इतका जवळ. दुसऱ्या दिवशी परांची सुटली आणि खालून पाहिलं तेव्हा कळलं. मुकादम दगड मोजायचा, बघायचा नाही. सांगितलं असतं तर काम गेलं असतं, आणि घरात एक दिवसाचं पोर होतं. ताता गप्प बसले. त्या वर्षी कणसं भरली नाहीत. कशामुळे, कोण सांगणार, पण तातांनी दोष आपल्याकडे घेतला. ज्यानं धन्यांना खोटी वाटी दिली त्यानं त्यांच्या पंगतीत खरी वाटी कशी घ्यायची? म्हणून ते रामोनचं झाड आणि म्हणून ते पोट. त्या पोटाला मी चार गाइडांत बसून हसलो होतो.

त्यांना एवढंच हवं होतं: मी त्यांना बाईंकडे न्यावं आणि त्यांचं बोलणं स्पॅनिशमध्ये सांगावं. परांची आहे तोवर ते स्वतः वर चढून दगड फिरवणार होते. ती उतरली की पुन्हा बांधेपर्यंत ते नसणार हे त्यांनी आपणहून सांगितलं, रडगाणं न गाता, परसातलं लिंबू तोडायला हवं असं सांगावं तसं.

"तू त्या डोळ्याचं काय सांगतोस ते गावातून ऐकलंय मी," ते म्हणाले. "तू दुसरी गोष्ट शोधशील. तुझी जीभ चालते."

मी म्हटलं, बघू. सोमवारी म्हटलं, बाई कामात आहेत. मग म्हटलं, बाई मेरिदाला गेल्या. बाई कुठेही गेल्या नव्हत्या, रोज माझ्यासमोर शिडीवर होत्या. दोन आठवडे मी असे काढले. एकोणीस वर्षं ज्या थापेवर मी उभा होतो तिच्या मुळाशी माझ्याच बापाच्या हातची एक चूक होती, हे चारचौघांत कळलं तर बाकीचे गाइड मला जन्मभर सोडणार नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. बापाच्या डोक्यात काय फिरतंय याचा विचार मी केला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला सांगत राहिलो. परांची बुधवारी उतरणार होती. मी मनात बुधवारपर्यंतचे दिवस मोजत होतो.

मंगळवारी सकाळी ताता स्वतःच आले. पांढरे धुवट कपडे, हातात झाकलेला तुंबा, सात किलोमीटर पायी. नोएमीनं पहाटे उठून त्यांना साका करून दिला होता, मला न सांगता. फाटकावरच्या माणसानं त्यांना तसंच आत सोडलं. मी राजधानीच्या वीसेक लोकांना घेऊन भिंतीपुढे उभा होतो आणि नेमका तिथे पोचलो होतो जिथे मी आवाज खाली आणतो. "आणि त्या गवंड्याला माहीत होतं," मी म्हणत होतो, "की आपलं नाव कुणालाही कळणार नाही." घोळक्यामागे ताता टोपी काढून उभे होते. माझं संपेपर्यंत ते थांबले. काही लोकांनी मागे वळून त्यांचे फोटो काढले. एका बाईनं मला विचारलं, हे खरे माया आहेत का? मी हसलो. ते माझे वडील आहेत, हे मी सांगितलं नाही.

सांगितलं ते अरिस्मेंदीबाईंनी. परांचीवरून उतरत त्या म्हणाल्या, "एर्मिलो, हे तुमचे वडील ना? ते इथे काम करायचे म्हणतात गावात. मी त्यांना भेटायचं म्हणतच होते." घोळका लगेच जवळ सरकला. फुकट दुसरा खेळ कोणाला नको असतो?

तातांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते बाईंच्या तोंडाकडे बघून आमच्या भाषेत बोलले, हळू, एकेक शब्द ओळंब्यात धरल्यासारखा.

"बाई, तो डोळा मी उलटा बसवला. त्या दिवशी धन्यांना मी साकाऐवजी चुन्याचं पाणी दिलं होतं. दोन्ही माझ्याच हातानं झालं. मला एकदा वर चढू द्या. पाव दिवसाचं काम आहे. मजुरी नको."

"काय म्हणतात?" बाईंनी मला विचारलं.

वीस जण माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वेळ मिळाला नाही असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. वेळ होता. मी घसा खाकरला, इतका वेळ होता.

"ते म्हणतात," मी म्हणालो, "की पडलेल्या भिंतीत डोळा असाच सापडला होता. जुन्या लोकांनी मुद्दाम तसा ठेवलेला. आम्ही जसा होता तसाच परत बसवला. त्याला हात लावू नका."

घोळक्यातून हलकासा आवाज उठला, मला ओळखीचा, माझ्या गोष्टीच्या शेवटी येतो तोच. बाईंनी मात्र मोठा श्वास सोडला.

"बरं झालं हे आले," त्या म्हणाल्या. "मला त्या डोळ्याची शंका होती. उद्या परांची उतरवण्याआधी तो सरळ करायचं मी ठरवलं होतं. पुरावा तेवढा नव्हता. आता ज्यानं बसवला तोच सांगतोय म्हटल्यावर प्रश्न मिटला." त्यांनी वही काढली. "पूर्ण नाव काय त्यांचं?"

मी सांगितलं. बापाकडचं आणि आईकडचं, दोन्ही आडनावांसकट, सावकाश, त्यांना नीट लिहिता यावं म्हणून.

"त्यांना सांगा, त्यांच्यामुळे माझ्या हातून चूक होता होता राहिली."

मी तातांकडे वळलो आणि आमच्या भाषेत म्हणालो, "बाई म्हणतात, बघू."

ताता माझ्याकडे बघत राहिले. राग असता तर मी सोसला असता, पण तो नव्हता. ते असे बघत होते की हा कुणाचा कोण, याला कुठेतरी पाहिलंय. मग त्यांनी बाईंना स्पॅनिशमध्ये "आभारी आहे" म्हटलं. तेवढं त्यांना येत असेल, मला वाटलं. त्यांनी तुंब्यातला साका वाटीत ओतला, वाटी भिंतीच्या पायाशी ठेवली, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि टोपी घालून चालू लागले. लोकांनी वाटीचेही फोटो काढले.

घोळका दुसऱ्या गाइडाच्या गळ्यात घालून मी गाडी काढली. ते पांढऱ्या कच्च्या रस्त्यावर भेटले. मी काच खाली केली, म्हटलं, ताता, उन्हात कशाला चालता, बसा. ते थांबले, पण बसले नाहीत.

"सहा वर्षं मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या मी स्पॅनिशमध्ये," ते म्हणाले. "मला ती बोलता येत नाही. ऐकता येते."

माझा पाय आपोआप ब्रेकवर दाबला गेला, गाडी उभीच होती तरी. मी विचारलं, मग तिथेच का नाही बोललात?

"तुझी माणसं उभी होती." त्यांनी तुंबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तुझ्यापायी एकदा गप्प बसलो तेव्हा तू एक दिवसाचा होतास. आज सेहेचाळीस वर्षांचा आहेस."

मी काहीतरी बोलायला गेलो. बाईंना मी सांगेन, उद्या सकाळी सांगेन, असलं काहीतरी. त्यांनी हात हलवून मला थांबवलं.

"मी माझं सांगून टाकलं. धन्यांनी ऐकलं. त्यांना आपली भाषा येते." एवढं बोलून ते चालायला लागले. मी गाडी त्यांच्या मागे मागे पहिल्या गिअरमध्ये घरापर्यंत नेली. एखादं माणूस मेल्यावर नेतात तशी.

नोएमीला कुणी काही सांगितलं नाही, पण तिला कळलं. त्या संध्याकाळी तिनं माझं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः खोपटात जाऊन तातांबरोबर जेवली.

बुधवारी मी खरंच लवकर गेलो. परांचीच्या वरच्या दोऱ्या सुटत होत्या. बाई खाली उभ्या होत्या, मला पाहून त्यांनी हात केला. डोळ्यापर्यंतच्या फळ्या अजून जागेवर होत्या. मी जवळ गेलो, तोंड उघडलं. तेवढ्यात फाटकाशी बस थांबली आणि कुणीतरी ओरडलं, डोळेवाला कुठाय? मी बाईंना म्हणालो, यंदा वादळ नाही आलं म्हणजे मिळवली. त्या म्हणाल्या, खरंच. दुपारपर्यंत भिंत मोकळी झाली.

मेअखेर तिथे नवा फलक लागला. त्यावर लिहिलं आहे की हा डोळा प्राचीन काळापासून असाच आहे, आणि ही माहिती भिंत पुन्हा उभारणाऱ्या गवंड्यांपैकी गाउदेन्सिओ उक यांनी दिली. माझी गोष्ट आता पुराव्यासकट झाली. दिवसातून तीनदा लोक मला विचारतात, उक म्हणजे तुमच्यापैकीच कुणी का? मी हो म्हणतो. ते म्हणतात, तुम्हाला केवढा अभिमान वाटत असेल. मी तेव्हाही हो म्हणतो. पूर्वी मी आवाज मुद्दाम खाली आणायचो, आता तो आपोआप जातो, आणि लोकांना वाटतं मी पहिल्यापेक्षा छान सांगतो.

जुलैत पाऊस आला नाही. तिसऱ्या आठवड्यात गावानं मागणं घातलं. मेज मांडलं, कमानी बांधल्या, पोरं मेजाखाली बेडूक होऊन बसली. मी शहाण्यासारखा पुरुषांच्या रांगेत उभा राहिलो. ताता उशिरा आले. सवयीनं सगळ्यांनी रामोनच्या झाडाकडे पाहिलं, पण ते तिकडे गेले नाहीत. ते सरळ मेजापर्यंत आले आणि टोपी काढून भगतासमोर उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, गाउदेन्सिओ, पोट बरं झालं वाटतं? ताता म्हणाले, "झालं." भगतानं वाटी भरून दिली. ताता सावकाश प्यायले, तळ दिसेपर्यंत, आणि त्यांच्या हनुवटीवरून एक थेंब पांढऱ्या सदऱ्यावर पडला. कुणी हसलं नाही.

मी कधी मागे सरकलो मला सांगता येणार नाही. रांग पुढे जात होती आणि माझी पाठ रामोनच्या झाडाला लागली. टोपी माझ्या हातात होती. भगत म्हातारा झालाय, इतक्या लांब त्याला दिसलं नसतं, सुटलो असतो मी. पण तातांनी त्याच्या हातातून भरलेली वाटी घेतली आणि सांडू न देता, दोन्ही हातांनी धरून, माझ्यापर्यंत चालत आले. वाटी त्यांनी माझ्या छातीशी धरली. सगळं गाव बघत होतं.

"घे," ते म्हणाले.

"पोट बरं नाही, ताता," मी म्हणालो.